तंबोरा कोणाच्या हाती?

मासिक हाती आले की वाचकाची नजर प्रथम जाते ती मुखपृष्ठावर. आतील लेख कितीही विद्वत्तापूर्ण असोत, ते वाचावयास निवांत वेळ लागतो. चित्र मात्र क्षणात आपले म्हणणे सांगून मोकळे होते. संगीतविषयक मासिकांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण कागदातून सूर ऐकू येत नाही. गाणारा कोण, त्याचे वय काय, तो स्त्री की पुरुष, हे सारे डोळ्यांनाच समजावून द्यावे लागते. घरातील वयात येणारी मुले-मुली त्या चित्रांत नकळत स्वतःला शोधीत असतात. तेथे त्यांना काय सापडते, याचा विचार आपल्या घरांतून फारसा होत नाही; म्हणून हा लेखप्रपंच.

या चित्रांचे मूळ छापखान्याहून पुष्कळ जुने आहे. आपल्या संगीतशास्त्राने एके काळी रागांचे कुटुंबच कल्पिले होते. सहा राग हे पुरुष, प्रत्येकाच्या पाच रागिण्या या त्याच्या भार्या, आणि पुढे त्यांचे पुत्रही! रागमाला चित्रांत हा संसार रंगविलेला आढळतो. भैरव हा साक्षात शंकर; तोडी ही वीणा घेऊन वनात उभी असलेली विरहिणी, भोवती हरिणे. ही चित्रे अतिशय सुंदर आहेत यात शंका नाही. परंतु त्यांतील वाटणी ध्यानात घेण्याजोगी आहे: पुरुष हा बहुधा स्वामी, स्त्री ही वाट पाहणारी, आणि तरुण म्हणजे कोणाचा तरी पुत्र.

पंडित भातखंडे यांनी ही कुटुंबव्यवस्था बाजूस सारून रागांची मांडणी दहा थाटांत केली. थाटाला ना पत्नी ना पुत्र. तेथे केवळ स्वरांचा हिशेब. त्याच भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधवराव महाराज शिंदे यांच्या आश्रयाने 1918 साली आमच्या ग्वाल्हेरीत माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले. म्हणजे शास्त्रातील रागिणीचा संसार मोडून आता शंभर वर्षे होऊन गेली. परंतु चित्रातील संसार मोडला नाही. कार्यक्रमपत्रिका, ध्वनिमुद्रिकांची वेष्टने, दिवाळी अंकांतील संगीतविषयक पाने चाळावीत. खाली पापण्या, गालावर बट आणि मांडीवर वीणा अशी ती तोडी अजून तेथे बसलेली आहे.

ध्वनिमुद्रणाचे युग आले तेव्हा परिस्थिती पालटण्याची संधी होती. 1902 साली कलकत्त्यात गौहरजानने ध्वनिमुद्रण केले आणि गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव स्पष्ट उच्चारिले. रूप दिसत नव्हते; होता तो केवळ आवाज आणि नाव. परंतु तबकडीवर कागदी चकती चिकटली आणि नावांमागे उपाधी लागल्या. पुरुषांस ‘मास्टर’, ‘प्रोफेसर’. स्त्रियांस ‘बाई’, ‘जान’, ‘मिस’. पहिल्या उपाधी विद्येच्या आहेत, दुसऱ्या स्त्रीच्या सामाजिक स्थितीच्या. एवढ्याशा चकतीवर समाजाची केवढी मोठी समजूत मावली होती!

आणि गंमत अशी, की त्याच सुमारास आपल्या मराठी रंगभूमीवर बालगंधर्वांची स्त्रीवेषातील छायाचित्रे घरोघरी पोहोचली होती. कुलीन स्त्रिया त्यांच्यासारखा शालू नेसू लागल्या, दागिने घालू लागल्या. स्त्रीने कसे दिसावे हे ज्या चित्राने शिकविले, त्या चित्रात स्त्री नव्हतीच. चित्रातील ‘बाईपण’ ही रचलेली वस्तू असते, याहून मोठा पुरावा तो कोणता हवा?

संगीताला वाहिलेल्या मासिकांनी विद्येची सेवा मोठी केली, हे कृतज्ञतेने सांगावयास हवे. हाथरसचे ‘संगीत’ हे 1935 पासूनचे. गांधर्व महाविद्यालय मंडळाचे ‘संगीत कला विहार’ 1947 पासूनचे, प्रा. बी. आर. देवधरांसारख्या साक्षेपी संपादकाच्या हाताखाली वाढलेले. स्वरलिपी, बंदिशी, कलावंतांची चरित्रे यांनी गावोगावच्या विद्यार्थ्यांना गुरू पुरविला. आमचे म्हणणे या मासिकांविषयी नाही, तर एकूण संगीताच्या छापील पानांवर रुळलेल्या एका साच्याविषयी आहे. गवई दाखवावयाचा तर हात उंचावलेला, तोंड उघडे, तान ऐन भरात. गायिका दाखवावयाची तर मान कललेली, ओठ मिटलेले, तंबोऱ्याशी टेकलेला गाल. एक काही करीत असतो; दुसरी नुसती असते.

ग्वाल्हेरच्या वाचकास तर हा साचा विशेष खटकावा. आमच्या घराण्याची ओळखच मुळी खुला, जोरकस आवाज व शुद्ध आकार ही आहे. आकार मिटल्या ओठांनी लावता येत नाही. 1914 साली येथे शंकर गांधर्व महाविद्यालय स्थापन करणारे पं. कृष्णराव शंकर पंडित यांची गमकयुक्त तान ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ते सांगावयास नको. म्हणजे चित्रातील ती देखणी मुलगी ग्वाल्हेर गायकी गात नाही. किंबहुना ती गातच नाही.

तरुणांच्या वाट्यास काय येते? शास्त्रीय संगीताच्या पानांत तरुण हा बुवांच्या मागे तंबोरा धरून बसलेला अंधुक शिष्य असतो. उलट पाश्चात्य धर्तीच्या नियतकालिकांत सर्वत्र तरुणच तरुण. कलकत्त्याचे ‘ज्युनिअर स्टेट्समन’ 1967 ते 1977 असे दहा वर्षे तरुणांच्या खोल्यांच्या भिंती सजवीत होते; 1993 साली अलाहाबादेसारख्या विद्यानगरीतून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघाले. या धर्तीच्या पानांवर मुलगा म्हणजे गिटार, वाढविलेले केस आणि कपाळावर आठी. मुलगी म्हणजे बहुधा पोशाख. अमेरिकेत ‘रोलिंग स्टोन’चा पहिला अंक 1967 साली निघाला. त्याच पाक्षिकाने तीस वर्षांनी, 1997 साली, स्त्री कलावंतांचा स्वतंत्र विशेषांक काढला. उद्देश चांगलाच होता. परंतु पुरुषांचा विशेषांक कधी काढावा लागला नाही, हेही त्यातूनच कळते.

याचा परिणाम आम्ही शाळेत पाहतो. वार्षिक अंकासाठी ‘संगीत’ या विषयावर चित्रे मागविली की मुलगे तबला, ढोलक, गिटार वाजविणारे मुलगे काढतात. आणि मुलीही, ज्यांपैकी कित्येक स्वतः उत्तम गातात, त्या गाणारी मुलगी मिटल्या ओठांचीच काढतात. कथ्थक शिकणारा एक मुलगा तर चित्रात घुंगरू मुलीच्या पायांत घालतो. स्वतःचे जे खरे आहे ते चित्रात काढण्याजोगे नाही, असे या मुलांना कोणी तोंडाने सांगितलेले नाही. पाहून पाहूनच ते त्यांना कळले आहे. गाणे हा दागिना आहे असे जिच्या मनावर ठसते, ती लग्नानंतर तो पेटीत ठेवून देते. नृत्य हे आपले नव्हे असे ज्याच्या मनावर ठसते, तो घुंगरू आधीच सोडतो.

प्रत्यक्षात मात्र चित्राबाहेरचे जग फार पुढे गेले आहे, आणि त्यात महाराष्ट्राबाहेरील आपल्या मराठी घरांचा वाटा मोठा आहे. मालिनी राजूरकर (1941–2023) राजस्थानात वाढल्या, अजमेरला गणित शिकवीत होत्या, पुढे हैदराबादेस राहिल्या. टप्प्यासारखा अवघड प्रकार त्यांनी ज्या सहजतेने गायिला त्याला तोड नाही. वीणा सहस्रबुद्धे (1948–2016) कानपूरच्या बोडसांच्या घरात जन्मल्या, आधी कथ्थक शिकल्या आणि मग ग्वाल्हेर गायकीच्या थोर गायिका झाल्या. खुद्द कृष्णराव पंडितांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांकडून पुरुषांकडे गेलेली विद्या आज त्यांची नात मीता पंडित मैफिलीत मांडते. यांपैकी कोणीही मिटल्या ओठांनी मोठी झालेली नाही.

2023 साली ग्वाल्हेरचा समावेश युनेस्कोच्या संगीतनगरींत झाला. नगरीच्या नावाने फलक, पुस्तिका, स्मरणिका निघतील. त्यांवर कोणती चित्रे घालावयाची हे ठरविणारे कोणी दूरचे लोक असतील. परंतु आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवाची पत्रिका, कोजागरीच्या गाण्याचा फलक, शाळेच्या अंकाचे मुखपृष्ठ हे तर आपणच ठरवितो. तेथे एक साधी कसोटी लावावी. चित्रातील हात काय करीत आहेत ते पाहावे, आणि तोंड उघडे आहे की नाही तेही पाहावे. मुलगी तंबोरा नुसता धरून असेल तर तिला खुंटी पिळून तो लावताना दाखवावे. मुलगा नाचत असेल तर त्याच्या पायांत घुंगरू दिसू द्यावेत. नावामागे ‘कुमारी’ घालण्याऐवजी ती कोणाकडे शिकते ते छापावे.

तान घेताना चेहरा थोडा वाकडा होतो, कपाळाला घाम येतो. तो चेहरा छापावयास आपण कचरू नये. आपल्या मुलीचा तसा चेहरा मुखपृष्ठावर आला, तर ती गात आहे हे पाहणाऱ्यास सांगावे लागणार नाही.