उन्हाला गावाची वेस नसते

मे महिन्यातली गोष्ट. इथे रुवैसला दुपारचे बारा वाजले होते, म्हणजे गावी दीड. चुलतभावाचा फोन आला. "ताई, घाबरू नकोस. काकांना ऊन लागलंय, दवाखान्यात नेतोय."

आमचे गाव नागपूरहून तासाभराच्या अंतरावर. नगरपरिषद लहान. बाबांचे वय ७२. घरपट्टी मे अखेरपर्यंत भरली तर सवलत मिळते, म्हणून ते सकाळी अकराला पावतीच्या रांगेत उभे राहिले. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, सगळे नेहमीप्रमाणे. वर पत्र्याचे छप्पर. साडेबाराच्या सुमाराला त्यांना भोवळ आली आणि ते असंबद्ध बोलू लागले. गावातली रुग्णवाहिका दुसऱ्या कामावर गेलेली. शेवटी भावाने त्यांना ऑटोत घालून शेजारच्या मोठ्या गावी नेले. चार दिवसांनी बाबा घरी आले, ही देवाची कृपा. सवलत मिळणार होती १८० रुपयांची, दवाखान्याचे बिल झाले २१ हजार.

नंतर मी फोनवर विचारले, "बाबा, आदल्या दिवशी हवामान खात्याचा इशारा आला होता ना?"

"आला होता की," ते म्हणाले. "पण अगं, तो नागपूरचा होता. आपल्या गावाचा कुठे होता?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. वाचकांपैकी अनेकांचे आईवडील अशाच लहान गावांत, मोठ्या शहराच्या आसपास राहतात. म्हणून या विषयावर जे वाचले, समजून घेतले, ते इथे मांडते आहे.

अहमदाबादने काय केले

मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात शहरात नेहमीच्या मानाने १,३४४ मृत्यू अधिक झाले, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. त्यातून धडा घेऊन २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातला हा पहिलाच. त्यात मोठी बांधकामे नव्हती. उद्या किती तापणार याचा अंदाज आधी घ्यायचा, त्यानुसार रंगाचा इशारा द्यायचा, दवाखान्यांनी बर्फ, सलाइन आणि खाटा तयार ठेवायच्या, पाणपोया वाढवायच्या, बागा दुपारीही उघड्या ठेवायच्या, आणि प्रत्येक खात्यात एक जबाबदार अधिकारी नेमायचा. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार या योजनेमुळे वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असावेत.

नागपूरने एक पाऊल पुढे टाकले

विदर्भाला उन्हाची ओळख करून द्यायला नको. मे २०१३ मध्ये नागपूरला ४७.९ अंश तापमान नोंदले गेले. २०१६ मध्ये नागपूर महापालिकेने आपला आराखडा केला, तो मात्र एकट्यापुरता नव्हता. शेजारची काही शहरे बरोबर घेऊन केलेला तो प्रादेशिक आराखडा होता. अनेक शहरांनी मिळून उन्हाला तोंड देण्याच्या देशातल्या पहिल्या प्रयत्नांत त्याची गणना होते.

एकत्र कशासाठी, असे कोणी विचारील. हवामान खात्याचाच नियम पाहा. सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर आणि सरासरीहून किमान साडेचार अंश अधिक असेल, किंवा सरळ ४५ अंशांना पोहोचले असेल, तर ती उष्णतेची लाट. पण एका केंद्रावर एक दिवस तसे दिसले म्हणून लाट जाहीर होत नाही. विभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस तसे दिसावे लागते. म्हणजे लाट ही मुळातच एका गावाची गोष्ट नाही.

दुसरे उदाहरण ३० मे २०२४ चे. त्या दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले. देशभर बातमी झाली. पुढे तो यंत्रातल्या संवेदकाचा दोष असल्याचे हवामान खात्याने स्पष्ट केले. मी संगणक क्षेत्रातली असल्यामुळे असे दोष रोज पाहते. एकाच यंत्रावर विसंबले की फसगत होते, ताडून पाहायला शेजारचा आकडा लागतो. ज्या नगरपरिषदेकडे स्वतःचे एकही केंद्र नाही, तिने तर शेजाऱ्याचाच आधार घ्यायला हवा.

तिसरे कारण माणसांचे. लहान गावची माणसे बाजाराला, कोर्टकचेरीला, तपासणीला मोठ्या गावी जातात, आणि ऊन लागले की तिथल्याच दवाखान्यात दाखल होतात. त्यामुळे मोठ्या गावच्या डॉक्टरांना रुग्ण दिसतात, पण ते कोणत्या गावाहून आले हे त्या गावच्या नगरपरिषदेला कळत नाही. तिच्या दफ्तरी "या वर्षी उष्माघाताचा रुग्ण नाही" अशी नोंद राहते आणि पुढच्या वर्षी तयारीला पैसा मिळत नाही. बाबांची नोंदही आमच्या गावात कुठेच झाली नसणार.

किनारपट्टीनेही गाफील राहू नये

विदर्भाबाहेरच्या वाचकांना वाटेल, हे आमच्याकडचे नाही. पण १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या उघड्या मैदानावरील समारंभानंतर उष्माघाताने १४ जण दगावले. त्या परिसरातले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भात ३८ अंशांना कोणी ऊन म्हणणार नाही. पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. म्हणूनच किनाऱ्यासाठी हवामान खात्याची मर्यादा ४० ऐवजी ३७ अंश आहे. त्या समारंभाला माणसे निरनिराळ्या जिल्ह्यांतून आली होती. अशा वेळी फक्त यजमान गावाचा आराखडा पुरत नाही. जिथून माणसे निघतात त्या गावांनीही आदल्या दिवशी सावध करायला हवे.

रुवैसमध्ये काय दिसते

आपण राहतो तो सारा अल धफ्रा प्रदेश एकाच नगरपालिकेखाली आहे. रुवैस, मिर्फा, घयाथी, सिला, लिवा, झायेद शहर, डेल्मा बेट, सगळ्यांची एकच. उन्हाचा नियम तर देशभर एकच: १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन, उघड्या उन्हात काम बंद. मोडणाऱ्या मालकाला दर कामगारामागे ५ हजार दिरहॅम दंड, कमाल ५० हजारांपर्यंत. अबुधाबीत तापमानाबरोबर आर्द्रता, वारा आणि तापलेल्या पृष्ठभागांची धग हेही धरून कामाची सुरक्षित मर्यादा ठरवतात. मे २०२५ मध्ये सुवैहानला ५१.६ अंश नोंदले गेले, तेव्हा या नियमांची गरज कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

अर्थात इथली व्यवस्था वरून येते. आपल्याकडे प्रत्येक नगरपरिषद लोकांनी निवडून दिलेली, तिचा अर्थसंकल्प वेगळा, तिचा पक्षही कदाचित वेगळा. तिथे हुकूम चालत नाही, समझोता करावा लागतो. ते अवघड आहे, पण अशक्य नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात महाराष्ट्रातल्या शेकडो स्थानिक संस्था पंचमहाभूतांच्या निकषांवर एकमेकींशी स्पर्धा करू लागल्या. २०२१ मध्ये राज्यातली ४३ शहरे हरितगृह वायूंचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर नेण्याच्या जागतिक मोहिमेत एकत्र सामील झाली. स्पर्धा चांगलीच, पण रुग्णवाहिका स्पर्धेने मिळत नाही, ती शेजाऱ्याकडूनच मागवावी लागते.

पैशाची बाजू

एकत्र येण्याचा खर्च किती? उष्णतेच्या बाबतीत आश्चर्य वाटावे इतका कमी. एकच अंदाज सगळ्यांना पाठवायचा, डॉक्टर आणि आशाताईंचे प्रशिक्षण एकदाच एके ठिकाणी घ्यायचे, रुग्णवाहिकांची यादी एक करायची, रुग्णांची नोंद गावानिशी एकमेकांना द्यायची. यात सिमेंट नाही आणि ठेकेदारही नाही. कदाचित म्हणूनच उत्साह कमी.

भागीदारी म्हटली की हिशोब आलाच. प्रादेशिक पाणीपुरवठा योजना सर्वांना ठाऊक आहेत. एक उद्भव, एक जलशुद्धीकरण केंद्र आणि अनेक गावे. कल्पना उत्तम, पण काही गावांनी वाटा थकवला की वीजबिल तुंबते, पंप बंद पडतो आणि पैसे भरलेली गावेही तहानलेली राहतात. तेव्हा कोण किती देणार आणि न दिल्यास काय, हे पहिल्याच दिवशी कागदावर हवे.

सरकारी मदतीचेही बघा. १५ व्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१ ते २०२६) उष्णतेची लाट राष्ट्रीय आपत्तींच्या यादीत नव्हती. राज्याला स्थानिक आपत्ती म्हणून आपत्ती निधीतला १० टक्क्यांपर्यंत भाग वापरण्याची मुभा होती. म्हणजे नगरपरिषदेने आधी मागणी करायची, आणि मागणीसाठी नोंदी हव्यात. पुन्हा गाडी तिथेच येते.

विम्याचा एक प्रयोग उल्लेखनीय आहे. 'सेवा' या स्त्री कामगारांच्या संघटनेने २०२४ च्या उन्हाळ्यात गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या सुमारे ५० हजार सभासद स्त्रियांसाठी उन्हाचा विमा उतरवला. ठरलेल्या पातळीपेक्षा पारा वर गेला की दावा न करताच पैसे खात्यात. रक्कम लहान, पण त्या दिवशी कामावर न जाण्याची सोय होते.

घरच्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी

१. रांगा बंद करा. वीजबिल, शक्य असेल तिथे घरपट्टी आणि पाणीपट्टी आपण इथूनच भरावी. आईवडिलांना "मी भरते" एवढेच सांगू नये, पावती पाठवावी. नाही तर ते रांगेत जातातच. अनुभव आहे.

२. कूलर की एसी? विदर्भ, मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, कारण पाणी वाफ होताना हवा थंड करते. कोकणात किंवा रुवैसला तो फक्त ओलावा वाढवतो. घरगुती कूलरला साधारण १५० ते २०० वॉट लागतात, दीड टनाच्या एसीला त्याच्या कितीतरी पट. साध्या इन्व्हर्टरवर पंखा आणि लहान कूलर चालतो, एसी नाही. कोरड्या भागात आधी कूलर आणि इन्व्हर्टर घ्यावा, मग एसीचा विचार करावा. वरच्या मजल्याच्या गच्चीला चुन्याचा पांढरा हात दिला तरी खोली कमी तापते.

३. औषधे. रक्तदाबावरची काही औषधे, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या आणि काही मानसिक आजारांवरची औषधे उन्हाचा त्रास वाढवू शकतात. स्वतःहून बंद करू नयेत, मार्चमध्येच डॉक्टरांना विचारून घ्यावे. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाणी आणि मीठ किती घ्यावे हेही विचारावे. बाकीच्यांना पन्हे, ताक, लिंबूपाणी आहेच.

४. लक्षणे. अंग तापून भट्टीसारखे झाले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो थकवा नव्हे, उष्माघात आहे. १०८ ला फोन करावा आणि वाट पाहताना सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत आणि मानेला बर्फ लावावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही. खिशातल्या कांद्याने मनाला धीर येत असेल, पण त्यावर भरवसा ठेवू नये.

५. इशारा समजावून सांगा. हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा जिल्ह्यासाठी असतो. बातमीत मोठ्या शहराचे नाव येते म्हणून आपले गाव त्यातून सुटत नाही.

आणि गावासाठी

आपण परदेशी राहून नगरपरिषदेला काय सांगणार, असे मलाही वाटले होते. तरी बाबांनी घरी आल्यावर मुख्याधिकाऱ्यांना एक अर्ज लिहिला. मजकूर आम्ही दोघांनी फोनवर तयार केला. मागण्या चारच: मे महिन्यात पावतीची खिडकी सकाळी आठला उघडावी, सवलतीची मुदत उन्हाळ्याबाहेर न्यावी, नागपूरचा इशारा आला की घंटागाडीच्या भोंग्यावर तो गावात सांगावा, आणि शेजारच्या नगरपरिषदेशी रुग्णवाहिकेबाबत लेखी ठरवावे. बाबांनी सोबत आळीतल्या ४० जणांच्या सह्या घेतल्या. त्या मात्र सकाळी सातला फिरून, माझ्या सांगण्यावरून.

खिडकी आता आठला उघडते. मुदत तीच आहे. भोंग्यावर इशारा दोनदा दिला गेल्याचे भाऊ सांगतो. रुग्णवाहिकेचे अजून "विचाराधीन" आहे. बाबा दर पंधरा दिवसांनी चौकशीला जातात, आणि तिथे आता शेजारच्या गावचे एक निवृत्त गुरुजीही त्यांना भेटतात. तेही तोच अर्ज घेऊन आपल्या नगरपरिषदेत जातात.

गाव करील ते राव काय करील, अशी आपली म्हण आहे. उन्हाच्या बाबतीत ते दोन गावांनी मिळून करायचे आहे, इतकेच. पुढच्या मार्चमध्ये घरी फोन कराल तेव्हा आंबे कसे आहेत हे विचारालच. त्याबरोबर एवढेही विचारा: इशारा आला तर तुमच्यापर्यंत कोण पोहोचवतो, आणि रुग्णवाहिका कोणत्या गावाहून येते? उत्तर मिळाले नाही, तर अर्ज लिहायला बसा.