पाच-तीन-दोन : तिघांचा डाव

परवा नांदेडला मावशीकडे, वैशाखातील उन्हाने जणू दारे बंद ठेवण्याचे फर्मानच काढले असता, लातूरहून आलेल्या भाचीने विचारले की तिघांतच पत्त्यांचा कोणता डाव मांडावा.

उत्तर अर्थातच पाच-तीन-दोन! आठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची 28 पाने आणि इस्पिक व बदामाच्या सत्त्या मिळून 30, प्रत्येकी 10. ज्याच्यावर पाच हातांचे दायित्व, तो पहिली पाच पाने पाहून हुकूम बोलतो. इतरांनी तीन व दोन हात करावयाचे.

खरी गंमत वसुलीत! ज्याचे हात कमी पडले, त्याच्याकडून पुढील डावात, जितके हात थकले तितकी पाने न पाहता ओढून मोबदल्यात आपली नकोशी पाने देण्याचा अधिकार जास्त हात केलेल्या धनकोस असतो. वजाबाकी मुले येथे विनातक्रार करतात.

चौथा गडी आल्यास बदाम सात मांडावा.

आपल्याकडील वसुलीचा दस्तूर निराळा असल्यास अवश्य कळवावा, शंकाही विचाराव्यात.