वारसा आडवाही वाहतो

लांजा तालुक्यात भात कापून झालं, की जमिनीत उरलेल्या ओलीवर कुळीथ, पावटा पेरतात. या रोपांच्या मुळांवर गाठी येतात आणि त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन रोपाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. ही क्षमता त्यांना आपल्या जनक पेशीकडूनच मिळाली असणार, असं आपण धरून चालतो. न्यूझीलंडमधल्या एका कुरणात मात्र वेगळंच आढळलं. लोटस या द्विदल चाऱ्यासाठी तिथे गाठी करणाऱ्या जिवाणूंचा एकच वाण वापरला होता. सात वर्षांनी गाठी तपासल्या, तर त्यांत मातीतले मूळचे, वेगळेच जिवाणू निघाले. गाठी करण्याची जनुकं त्यांच्याकडे आधी नव्हती. बाहेरून आणलेल्या वाणाकडून डीएनएच्या सुमारे पाच लाख अक्षरांचा सगळा संच त्यांनी उचलला होता. जिवाणूंमध्ये वारसा पिढीकडून पिढीकडे उतरतो, तसाच शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडेही जातो. हा आडवा प्रवाह लक्षात घेतल्याशिवाय त्यांची उत्क्रांती समजत नाही आणि आपली औषधं निकामी का होतात, तेही समजत नाही.

हा प्रवाह मुख्यतः तीन वाटांनी चालतो. मेलेल्या पेशीतून बाहेर पडलेला डीएनए जिवंत जिवाणू आत घेऊ शकतो. १९२८ साली फ्रेडरिक ग्रिफिथ यांच्या उंदरांवरील प्रयोगात न्यूमोनियाच्या निरुपद्रवी जिवाणूंना मेलेल्या घातक जिवाणूंचा गुण मिळालेला दिसला, तो याच वाटेने. दोन पेशी एकमेकींना चिकटून डीएनए देऊ शकतात, याचा पुरावा १९४६ साली जोशुआ लेडरबर्ग आणि एडवर्ड टेटम यांनी दिला. तिसऱ्या वाटेवर जिवाणूंना लागण करणारे विषाणू एका पेशीतली जनुकं दुसरीत नेतात. पेशीच्या मुख्य गुणसूत्रापासून वेगळी राहणारी, बहुधा गोलाकार असलेली प्लास्मिड नावाची डीएनएची साखळी या देवघेवीत फार महत्त्वाची असते, कारण एकाच प्लास्मिडवर अनेक औषधांना दाद न देणारी जनुकं एकत्र बसू शकतात.

याचा परिणाम महाराष्ट्राने जवळून पाहिला आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात २००९च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये कार्बापेनेम या राखीव औषधांना न जुमानणारे २४ जिवाणू मिळाले. त्यांपैकी २२ जिवाणूंत या औषधांपासून बचाव करणारं एनडीएम-१ हे जनुक होतं, आणि ते क्लेबसिएला, ई. कोलाय अशा वेगवेगळ्या प्रकारांत होतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतल्या पाहणीत हेच जनुक साचलेल्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१मध्ये आणि नळाच्या ५०पैकी दोन नमुन्यांत सापडलं. एकाच जिवाणूची संतती सगळीकडे पसरली, एवढ्याने याचा उलगडा होत नाही. इथे जनुकच एका प्रकारातून दुसऱ्यात गेलं होतं.

मग डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धान्त खोटा ठरला का? नाही. उसनं आलेलं जनुकही निवडीच्या कसोटीला उतरावंच लागतं. उपयोग नसेल, तर त्याचं ओझं वाहणारी पेशी सहसा मागे पडते. बदललं आहे ते नवेपणाच्या उगमाचं चित्र: एकेका अक्षराच्या चुकीची वाट न पाहता जिवाणू तयार क्षमताच मिळवू शकतो. दुसरा आक्षेप असा, की देवघेव इतकी मोकळी असेल, तर वंशवृक्षाला अर्थच काय? पण परका डीएनए तोडणारी विकरं बहुतेक जिवाणूंत असतात, आणि प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेची जनुकं क्वचितच हलतात. त्यांवरून वंशाचं झाड ओळखता येतं. फक्त त्याच्या फांद्यांमध्ये आडवे धागेही विणलेले असतात.

आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो: औषधांना विरोध करणारी जनुकं निसर्गात आधीपासून आहेतच, मग दोष माणसाचा कसा? सुमारे ३० हजार वर्षांच्या गोठलेल्या मातीत अशी जनुकं मिळाली आहेत, हे खरं. पण असणं आणि फोफावणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सर्दीसाठी विनाकारण घेतलेलं प्रतिजैविक किंवा प्रक्रियेविना सोडलेलं सांडपाणी अशाच जनुकांना वाव देतं. म्हणून लांज्यात काय किंवा मुंबईत काय, प्रतिजैविक हा रुग्ण आणि डॉक्टर यांच्यापुरता प्रश्न राहत नाही. एखाद्या औषधामुळे एका आतड्यात निवडलं गेलेलं जनुक उद्या ज्या रोगजंतूला मिळेल, त्याने आजारी पडणारा माणूस कदाचित ते औषध कधी प्यालेलाही नसेल. त्याची जबाबदारी आजच आपल्यावर आहे.