इंजिन बंद पडलं तर हेलिकॉप्टर दगडासारखं खाली कोसळतं का? डोक्यावरच्या त्या पंख्याचं विज्ञान समजून घ्या!

सानपाडा स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभं असताना किंवा पाम बीच रोडच्या सिग्नलला थांबलेलं असताना आकाशातून ‘धडधड धडधड’ असा आवाज आला, की मान आपोआप वर जाते. लहान मुलं हात हलवतात, मोठी माणसं मोबाईल बाहेर काढतात. आणि घोळक्यातलं कोणीतरी म्हणतंच, “आपली नाही बुवा यात बसायची हिंमत! विमानाला पंख तरी असतात. याचं इंजिन बंद पडलं की सरळ दगडासारखं खाली!”

पण मुंबईत असे अनेक लोक आहेत, ज्यांच्यासाठी हेलिकॉप्टर म्हणजे कामावर जायची गाडी आहे. सानपाड्यापासून हवाई अंतराने २० किलोमीटरच्याही आत असलेल्या जुहू विमानतळावरून ही हेलिकॉप्टरं अरबी समुद्राकडे झेपावतात. मुंबईपासून साधारण १६० किलोमीटरवर ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. तिथल्या प्लॅटफॉर्मवर आणि रिगवर काम करणारे कर्मचारी हेलिकॉप्टरनेच ये-जा करतात. खाली फक्त पाणी आणि वर तो फिरणारा पंखा!

मग या लोकांचा जीव खरंच एका इंजिनावर टांगलेला असतो का? याचं उत्तर हवं असेल, तर आधी हेलिकॉप्टर उडतं कसं ते बघायला हवं.

छताला न बांधलेला पंखा

घरातला सिलिंग फॅन आठवा. तो फिरतो तेव्हा हवा खाली ढकलतो. आता न्यूटनचा तिसरा नियम आठवा. पंख्याने हवेला खाली ढकललं, तर हवासुद्धा पंख्याला वर ढकलते. घरातला पंखा लहान, त्याचा वेग कमी, म्हणून हा धक्का नगण्य असतो. हेलिकॉप्टरची पाती लांबलचक असतात, प्रचंड वेगाने फिरतात आणि त्यांचा आकार विमानाच्या पंखासारखा असतो. त्यामुळे तोच धक्का कित्येक टनांचं यंत्र उचलतो.

विमानाच्या पंखाला वर उचललं जाण्यासाठी हवेतून जोरात पुढे जावं लागतं, म्हणून विमानाला धावपट्टी लागते. हेलिकॉप्टरमध्ये पंखच गोल फिरतो. यंत्र जागेवर उभं असलं तरी पंखाला वेग मिळालेला असतो. म्हणून त्याला धावपट्टी लागत नाही आणि ते हवेत एका जागी थांबूही शकतं.

अनेकांना वाटतं, वर जायचं असेल तर पायलट पंख्याचा वेग वाढवत असेल. तसं नसतं! उड्डाणात पंख्याचा वेग जवळपास एकसारखाच ठेवला जातो. बदलतो तो पात्यांचा कोन. जोराच्या वाऱ्यात पुठ्ठा आडवा धरा आणि हळूच पुढची कड उचलून तिरका करा. तो लगेच वर उचलला जातो. वारा तेवढाच असतो, फरक पडतो तो कोनामुळे.

दोन्ही हात, दोन्ही पाय कामात

पायलटच्या डाव्या हाताला हँडब्रेकसारखा एक दांडा असतो, त्याला ‘कलेक्टिव्ह’ म्हणतात. तो वर ओढला की सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि हेलिकॉप्टर वर जातं.

उजव्या हातात ‘सायक्लिक’ नावाची दांडी असते. ती पुढे ढकलली की पाती फिरताना एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी उचल देतात. त्यामुळे फिरणारी अख्खी तबकडी पुढे झुकते आणि हेलिकॉप्टर पुढे सरकतं. डावीकडे, उजवीकडे, अगदी मागे जायचं असेल तरी हीच युक्ती.

पण पाती तर गरागरा फिरत असतात. मग पायलटच्या हाताची हालचाल त्यांच्यापर्यंत पोहोचते कशी? त्यासाठी पंख्याच्या खाली दांड्याभोवती दोन चकत्या एकावर एक बसवलेल्या असतात. खालची फिरत नाही, वरची पात्यांसोबत फिरते. खालची चकती वर-खाली किंवा तिरकी झाली की वरचीही तशीच होते आणि पात्यांचे कोन बदलतात. याला ‘स्वॉशप्लेट’ म्हणतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शेपटीवरचा छोटा पंखा कशासाठी?

भिंतीला भोक पाडताना ड्रिल मशीन अडकलं, की हाताला उलटा हिसका बसतो. हेलिकॉप्टरचंही तेच होतं. इंजिन मोठा पंखा एका दिशेने फिरवतं, तेव्हा खालचा सांगाडा उलट्या दिशेने फिरू पाहतो. त्याला थोपवतो तो शेपटीवरचा पंखा. पायाखालच्या पेडलने त्याचा जोर कमी-जास्त करून पायलट हेलिकॉप्टरचं तोंड हव्या त्या दिशेला वळवतो.

या एकाच अडचणीवर वेगवेगळ्या इंजिनिअर्सनी वेगवेगळी उत्तरं शोधली, आणि त्यातूनच हेलिकॉप्टरचे मुख्य प्रकार पडले.

एक मोठा, एक छोटा पंखा: सर्वात जास्त वापरला जाणारा प्रकार. इगॉर सिकोर्स्की यांनी १९३९ मध्ये अमेरिकेत ‘व्हीएस-३००’ उडवून या रचनेचा पाया घातला. आपलं ध्रुव, चेतक, चीता, सी किंग ही सगळी याच घराण्यातली.

जाळीत बसवलेला शेपटीचा पंखा: ‘डॉफिन’ हेलिकॉप्टरच्या शेपटीत गोल खिडकीसारख्या भोकात पंखा बसवलेला असतो. आवाज कमी आणि जमिनीवरच्या माणसाला धोकाही कमी. पवन हंसच्या ताफ्यामुळे मुंबईकरांना हे चांगलं ओळखीचं.

पुढे एक, मागे एक: चिनूकला दोन मोठे पंखे असतात आणि ते एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. दोघांचे हिसके एकमेकांना रद्द करतात, त्यामुळे शेपटीचा पंखा लागत नाही आणि सगळी ताकद वजन उचलायला मिळते. मार्च २०१९ मध्ये हवाई दलात आलेलं हे हेलिकॉप्टर तोफही खाली टांगून डोंगरावर पोहोचवू शकतं.

एकावर एक: नौदलाच्या कामोव्ह हेलिकॉप्टरचे दोन्ही पंखे एकाच दांड्यावर, एकाच्या वर एक असतात. लांब शेपटीची गरज नसल्यामुळे जहाजाच्या छोट्या डेकवर ते सहज मावतं.

इंजिन बंद पडलं तर?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ.

सायकल चालवताना पेडल मारणं थांबवलं, तरी चाक फिरत राहतं. ही फ्रीव्हीलची करामत. हेलिकॉप्टरच्या पंख्यातही तशीच सोय असते. इंजिन बंद पडलं की पंखा त्याच्यापासून आपोआप सुटा होतो आणि फिरत राहतो.

पण किती वेळ? इथे जत्रेतलं भिरभिरं आठवा. त्याला मोटार नसते, समोरून येणारा वारा त्याला फिरवतो. इंजिन गेल्यावर पायलट लगेच कलेक्टिव्ह खाली करून पात्यांचा कोन कमी करतो. हेलिकॉप्टर खाली येऊ लागतं, खालून वर येणारी हवा पात्यांमधून जाते आणि तीच पंखा फिरवत ठेवते. याला ‘ऑटोरोटेशन’ म्हणतात. हेलिकॉप्टर वेगाने खाली येतं खरं, पण पायलटच्या ताब्यात राहून. जमीन जवळ आली की पायलट आधी हेलिकॉप्टरचं नाक वर करून वेग मारतो आणि शेवटच्या क्षणी पात्यांचा कोन वाढवतो. फिरत्या पंख्यात साठलेली ऊर्जा एकदम वापरली जाते आणि हेलिकॉप्टर टेकतं. ही संधी मात्र एकदाच मिळते.

याचं सर्वात गाजलेलं उदाहरण २१ जून १९७२ चं. फ्रान्सचे पायलट जाँ बुले यांनी ‘लामा’ हेलिकॉप्टर तब्बल १२,४४२ मीटर उंचीवर नेलं. एव्हरेस्टपेक्षाही साडेतीन किलोमीटर वर! तिथून उतरताना इंजिन बंद पडलं आणि पुन्हा सुरूच झालं नाही. बुले तिथून ऑटोरोटेशनने खाली आले आणि सुखरूप उतरले. हेच लामा भारतात ‘चीता’ या नावाने हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलं. सियाचीनच्या चौक्यांना रसद पोहोचवणारं हेलिकॉप्टर ते हेच.

समुद्रावर प्रवासी नेणाऱ्या डॉफिन किंवा सिकोर्स्की एस-७६ सारख्या हेलिकॉप्टरना तर दोन इंजिनं असतात. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर परतता यावं, हा हेतू.

मग अपघात का होतात?

कारण इंजिन हा धोक्यांपैकी फक्त एक धोका आहे.

ऑटोरोटेशनला उंची किंवा वेग लागतो. जमिनीपासून थोड्याच उंचीवर एका जागी थांबलेल्या हेलिकॉप्टरकडे दोन्ही नसतं. शिवाय पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणाच तुटली तर पायलटच्या हातात काही उरत नाही. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळून तिघांचा मृत्यू झाला. तपासात बोट गेलं ते स्वॉशप्लेट तुटण्याकडे. त्यानंतर देशभरातली ध्रुव हेलिकॉप्टरं काही महिने जमिनीवर ठेवण्यात आली.

दुसरा शत्रू म्हणजे ऊन. गरम हवा विरळ असते, त्यामुळे पात्यांना ढकलायला हवाच कमी मिळते. जे वजन डिसेंबरात सहज उचललं जातं, तेच मे महिन्याच्या दुपारी जड होतं. म्हणून उड्डाणाआधी प्रवासी, सामान, इंधन आणि तापमान यांचा हिशोब मांडावाच लागतो.

तिसरा धोका तारांचा. हवेतून वीज किंवा केबलची तार जवळ येईपर्यंत दिसतच नाही. २५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच तारांमध्ये अडकून कोसळलं. सुदैवाने सगळे बचावले.

आणि चौथा, समुद्र. इंजिन आणि गिअरबॉक्स वर असल्यामुळे हेलिकॉप्टरचं डोकं जड असतं. पाण्यावर उतरलं तर ते उलटू शकतं. म्हणून त्याला आणीबाणीत फुगणारे फुगे बसवलेले असतात, आणि पाण्यात उलट्या झालेल्या सांगाड्यातून बाहेर कसं पडायचं, याचं प्रशिक्षण समुद्रात काम करणाऱ्यांना घ्यावं लागतं. ८ मार्च २०२३ रोजी मुंबईजवळ नौदलाच्या ध्रुवची उंची अचानक झपाट्याने कमी झाली. पायलटने ते नियंत्रण ठेवून पाण्यावर उतरवलं आणि तिघेही वाचले. २८ जून २०२२ रोजी मात्र मुंबई हायच्या ‘सागर किरण’ रिगजवळ एस-७६डी समुद्रात उतरलं, तेव्हा नऊपैकी चौघांचा जीव गेला.

विमानाइतकं वेगात का जात नाही?

पुढे जाताना एका बाजूचं पातं वाऱ्याला भिडायला जातं, तर दुसऱ्या बाजूचं वाऱ्याबरोबर मागे जातं. वेग फार वाढला की मागे जाणाऱ्या पात्याची उचल संपत जाते आणि हेलिकॉप्टर डळमळू लागतं. म्हणूनच बहुतेक हेलिकॉप्टर ताशी ३०० किलोमीटरच्या आत उडतात. १९८६ मध्ये ब्रिटनच्या ‘लिंक्स’ने ताशी ४००.८७ किलोमीटरचा विक्रम केला, तोही खास सुधारलेल्या पात्यांच्या जोरावर.

पण हेलिकॉप्टरची खरी किंमत वेगात नाही, थांबण्यात आहे. २८ नोव्हेंबर २००८ च्या सकाळी कुलाब्यातल्या दाट वस्तीत नरिमन हाऊसच्या गच्चीवर एमआय-१७ हेलिकॉप्टर स्थिर राहिलं आणि एनएसजीचे कमांडो दोरावरून खाली उतरले. जगातलं सर्वात वेगवान लढाऊ विमानही तिथे उपयोगाचं नव्हतं.

हेलिकॉप्टर जवळ उतरत असेल तर...

निवडणुकीची सभा असो, पूरग्रस्त गाव असो की एअर अँब्युलन्स, हेलिकॉप्टर उतरलं की गर्दी धावते. तेव्हा एवढं लक्षात ठेवा:

• पंखे पूर्ण थांबेपर्यंत आणि पायलट किंवा कर्मचारी खुणावेपर्यंत जवळ जाऊ नका.

• शेपटीकडे कधीच जाऊ नका. फिरणारा छोटा पंखा डोळ्यांना जवळपास दिसतच नाही आणि पायलटलाही मागचं दिसत नाही.

• जायचंच असेल तर पायलटला दिसेल असं, समोरच्या बाजूने आणि वाकून जा. वेग कमी होताना पाती खाली झुकतात.

• उतार असेल तर चढाच्या बाजूने जाऊ नका, तिथे पाती जमिनीच्या जास्त जवळ असतात.

• टोपी, ओढणी, छत्री, प्लास्टिकच्या पिशव्या आवरा. मुलांचा हात सोडू नका.

• व्हिडिओसाठी ड्रोन उडवू नका. छोटा ड्रोनही पात्यांना धडकला तर अनर्थ होऊ शकतो.

तेव्हा पुढच्या वेळी सानपाड्याच्या आकाशात धडधड ऐकू आली आणि शेजारचा म्हणाला, “इंजिन बंद पडलं की दगड!”, तर त्याला जत्रेतल्या भिरभिऱ्याची आणि सायकलच्या फ्रीव्हीलची गोष्ट नक्की सांगा. आणि हेही सांगा, की प्रवाशांचा जीव फक्त इंजिनावर नसतो. पायलटचा सराव, मेकॅनिकने वेळेवर तपासलेली एक चकती आणि उड्डाणाआधी प्रामाणिकपणे मांडलेला वजनाचा हिशोब, या सगळ्यांवर मिळून तो सुखरूप राहतो.