भाड्याच्या घराची गंगाजळी

भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या घराचा खर्च दर महिन्याला होतो. उत्पन्न मात्र भाडेकरू असेपर्यंतच येते. कर्जाचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स आणि मालमत्ता कर हे घर रिकामे असतानाही भरावे लागतात. ही तफावत भरून काढण्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम म्हणजे घराची गंगाजळी. दहा घरे असलेल्या मालकाचे एक घर रिकामे पडले, तरी नऊ घरांचे भाडे येत राहते. एकच घर असलेल्याचे भाडे एकदम शून्यावर येते, म्हणून नवख्या मालकाला गंगाजळीची गरज सर्वांत जास्त असते.

तिची तयारी घर घेण्याआधीच करावी लागते. पुण्यात ५० लाखांचा फ्लॅट घेताना बँक किमतीच्या ८० टक्के, म्हणजे ४० लाखांपर्यंत कर्ज देते. उरलेले १० लाख, ७ टक्के दराने साडेतीन लाख मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी शुल्क खरेदीदाराला स्वतः उभे करावे लागते. ही १३ लाख ८० हजारांची जुळवाजुळव करताना बहुतेकांची बचत संपते आणि मालकीचा पहिला महिना रिकाम्या खात्याने सुरू होतो. गंगाजळीची रक्कमही खरेदीच्या अंदाजपत्रकातच धरावी. तेवढे पैसे नसतील, तर लहान घर घ्यावे किंवा खरेदी वर्षभर पुढे ढकलावी.

गंगाजळी किती असावी, हे घराच्या मासिक खर्चावरून ठरते. वरील कर्जाचा ८ टक्के व्याजाने २० वर्षांसाठीचा हप्ता सुमारे ३३,५०० रुपये होतो. मेंटेनन्सचे ३,००० आणि मालमत्ता कराचे महिन्याला १,००० धरले, तर खर्च ३७,५०० रुपयांवर जातो. भाडे १५,००० आले, तर २२,५०० रुपये पगारातून जातात. भाडे आणि पगार दोन्ही एकाच वेळी थांबू शकतात. म्हणून सहा महिन्यांचा पूर्ण खर्च, म्हणजे सव्वादोन लाख रुपये, हे सुरुवातीचे उद्दिष्ट योग्य ठरते.

या हिशेबात काही खर्च सहज निसटतात. घर भाड्याने दिल्यास सोसायटी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्ज घेऊ शकते. पुण्यात मालक स्वतः राहत असल्यास मालमत्ता करात मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याच्या घराला मिळत नाही. व्याजदरही बदलतो. मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहा टक्क्यांवर गेला. ४० लाखांच्या कर्जाचा दर ७ वरून साडेनऊ टक्के झाला, तर ३१,००० चा हप्ता सुमारे ३७,३०० होतो. भाडे मात्र करार संपेपर्यंत वाढवता येत नाही.

दुरुस्तीसाठी वेगळी रक्कम लागते. लिव्ह अँड लायसन्सचा करार बहुधा ११ महिन्यांचा असतो. भाडेकरू बदलला की रंगकाम, नळदुरुस्ती, दलाली आणि नव्या कराराची नोंदणी हे खर्च एकदमच येतात. महाराष्ट्रात अशा कराराची नोंदणी सक्तीची असून तिची जबाबदारी मालकावर आहे. मुदत संपूनही भाडेकरूने घर सोडले नाही, तर कायद्याने दुप्पट भाड्याइतकी नुकसानभरपाई मागता येते. पण निकाल लागेपर्यंत बँकेचे हप्ते थांबत नाहीत. दर महिन्याच्या भाड्यातील किमान दहा टक्के दुरुस्तीसाठी काढून ठेवावेत.

भाडेकरूने दिलेली अनामत रक्कम गंगाजळीत धरू नये. ती परत करायची असते, आणि नेमकी घर रिकामे होते त्याच दिवशी. ती स्वतंत्र मुदत ठेवीत ठेवावी.

गंगाजळी चटकन हाती यायला हवी. एका महिन्याचा खर्च बचत खात्यात आणि उरलेली रक्कम वेगवेगळ्या मुदतींच्या ठेवींत विभागावी. एका बँकेतील ठेवींना व्याजासह ५ लाखांपर्यंतच विमा संरक्षण असते, हेही पाहावे. भाव पडले असतानाच विकण्याची वेळ येऊ शकते, म्हणून शेअर बाजार या पैशांसाठी योग्य नाही. भाडे जमा होण्यासाठी वेगळे खाते उघडून तेथून आवर्ती ठेव सुरू केली, तर बचत आपोआप होते.

हप्ता, रिकामे महिने आणि अटळ दुरुस्ती एवढ्यासाठीच ही रक्कम वापरावी. नवे फर्निचर किंवा दुसऱ्या घराचे टोकन तिच्यातून देऊ नये. रक्कम काढली, तर भरपाई होईपर्यंत भाड्यातील मोठा वाटा तिकडेच वळवावा. उद्दिष्ट गाठल्यावर जास्तीचे पैसे कर्जाच्या मुदतपूर्व फेडीला द्यावेत. व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर त्यासाठी दंड लागत नाही. त्या वेळी मुदतीऐवजी हप्ता कमी करून घेतला, तर घराचा मासिक खर्च घटतो आणि पुढे लागणारी गंगाजळीही कमी होते.