खर्ऱ्यातील दुसरे विष : सुपारीतील अरेकोलीन

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांसोबत आपल्या भागातील एखाद्या आजाराची माहितीही सोप्या शब्दांत द्यावी, या हेतूने आम्ही हा लेख सादर करीत आहोत. विषय आहे खर्रा. गोंदिया जिल्ह्यात, किंबहुना संपूर्ण पूर्व विदर्भात, पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळणाऱ्या या मिश्रणात तीन प्रमुख घटक असतात : सुपारी, तंबाखू आणि चुना.

यांपैकी तंबाखूतील निकोटीन सर्वांना परिचित आहे. सुपारीतही अरेकोलीन नावाचे विषारी अल्कलॉइड असते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. निकोटीन आणि अरेकोलीन या दोन्ही रेणूंमध्ये पाच कार्बन व एक नायट्रोजन यांचे षट्कोनी कडे आढळते. मज्जासंस्थेतील ज्या ग्राहींवर निकोटीन परिणाम करते, त्यांपैकी काहींवर अरेकोलीनही परिणाम करते. म्हणूनच नुसत्या सुपारीचीही तलफ लागते आणि ती सोडणे जड जाते. खर्रा खाणारी व्यक्ती एकाच वेळी दोन व्यसनांच्या अधीन होते. चुन्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातून अधिक वेगाने शोषले जाते.

अरेकोलीनचे खरे नुकसान गालाच्या आतल्या बाजूस होते. तंतू निर्माण करणाऱ्या पेशींना ते चेतवते व कोलॅजेन गरजेपेक्षा अधिक तयार होऊ लागते. सुपारीतील टॅनिनमुळे हे तंतू सहजासहजी विरघळत नाहीत, तर तिच्यातील तांबे त्यांना अधिक घट्ट बांधण्यास साहाय्य करते. परिणामी गालाचे मऊ अस्तर पांढुरके व ताठर होते, तिखट सोसवत नाही आणि तोंड उघडणे दिवसेंदिवस कमी होत जाते. या विकारास ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच भारतीय रुग्णांत त्याचे वर्णन केले होते.

हा विकार केवळ तोंड उघडण्यापुरता मर्यादित नाही. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात अशा ६६ रुग्णांचा १७ वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्यांपैकी ५ जणांना, म्हणजे ७.६ टक्के रुग्णांना, तोंडाचा कर्करोग झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रकाशित केलेल्या अहवालात तंबाखूविरहित सुपारीलाही मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात स्थान दिले. पुढे २०२० मध्ये अरेकोलीनचा समावेश संभाव्य कर्करोगकारकांत करण्यात आला. “आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो,” हे समाधान त्यामुळे फोल ठरते.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत होते. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ उपक्रमातून दारू व तंबाखू यांविरुद्ध गावोगावी काम सुरू झाले. कायद्याला लोकसहभागाची जोड आवश्यक असते, हेच त्यातून दिसते.

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमची विनंती आहे की, घरातील खर्रा वा सुपारी खाणाऱ्या प्रत्येकाने एक साधी चाचणी करावी. स्वतःच्या हाताची तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून ती पुढच्या दातांमध्ये जातात का, ते पाहावे. जात नसल्यास, किंवा तोंडात जळजळ, पांढरा वा लाल चट्टा, अथवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असल्यास, दंतवैद्यांकडे त्वरित जावे. ताठरलेले अस्तर पूर्ववत होणे कठीण असते. परंतु सुपारी लवकर सोडल्यास विकाराची वाढ रोखता येते. औषधे व तोंडाचे व्यायाम यांचाही उपयोग होतो. कर्करोगाचा धोका मात्र सवय सुटल्यावरही पूर्णतः टळत नाही, म्हणून नियमित तपासणी आवश्यक आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवर विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

देणगीदार व विश्वस्त बंधुभगिनींपुढे एक हिशेब मांडावासा वाटतो. पुढे गेलेल्या कर्करोगाच्या एका रुग्णावर शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि कुटुंबाची बुडालेली मजुरी यांचा जो भार पडतो, त्याच्या अल्प अंशात कित्येक गावांतील तोंडांची तपासणी होऊ शकते. दान दोन्हीकडे सत्कारणीच लागते. मात्र वेळेवर झालेल्या तपासणीत माणूस आणि त्याचे घर, दोन्ही वाचतात.