नदालचं घड्याळ आणि आपलं

खेळताना चावीचं किंवा ऑटोमॅटिक घड्याळ घातलं की ते बिघडलंच, असं मानणारे पुष्कळ. 'नदाल घालायचा की!' म्हणणारेही पुष्कळ. राफाएल नदाल २०१० पासून मनगटावर यांत्रिक घड्याळ बांधून टेनिस खेळला, हे खरंच. पण रिशार मिल कंपनीनं त्याच्यासाठी बनवलेलं ते पहिलं घड्याळ पट्ट्यासकट २० ग्रॅमही भरत नव्हतं, आणि धक्के सोसण्यासाठीच ते घडवलेलं होतं. आपल्या मनगटावरचं जाडजूड स्टीलचं घड्याळ तसलं नसतं.

'शॉकप्रूफ' या शिक्क्याबद्दलचा गैरसमज मात्र जास्त फसवा आहे. आयएसओ १४१३ या मानकाची चाचणी म्हणजे साधारण एक मीटरवरून लाकडी फरशीवर पडण्याइतका धक्का. त्यानंतर घड्याळ चालू राहावं आणि त्याच्या दैनिक चालीत ६० सेकंदांहून जास्त फरक पडू नये, एवढीच अपेक्षा. म्हणजे दिवसाला अर्धं मिनिट पुढे जायला लागलेलं घड्याळही पास! याउलट अचूकतेचं, म्हणजे क्रोनोमीटरचं, स्विस प्रमाणपत्र मिळवायला दिवसाची सरासरी चूक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत बसावी लागते. शिक्का घड्याळ जगेल असं सांगतो, अचूक राहील असं नाही.

धावण्याची भीती बहुतेक अनाठायी. नेहमीच्या आधुनिक घड्याळाचं बॅलन्स व्हील, म्हणजे वेळ मोजणारं झुलतं चाक, सेकंदाला ८ ठोके देतं. हात त्या मानानं सावकाश हलतो. धावल्यानं ऑटोमॅटिकला 'जास्त चावी' बसते, हेही खोटं: स्प्रिंग पूर्ण भरली की तिचं टोक आतल्या भिंतीवरून घसरतं. गोल्फ आणि स्क्वॉश वेगळे. तिथले धक्के अचानक आणि तीव्र असतात, आणि त्यांचा मार बॅलन्सच्या आसाच्या अगदी बारीक टोकांवर येतो. तिथे घड्याळ बॅगेत ठेवावं.

पण बॅगेत फोन किंवा स्पीकरला चिकटून नको. चुंबकत्व लागलं की बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळू शकतं. मग दोष बिचाऱ्या खेळाला! घड्याळजीकडे चुंबकत्व काढायचं यंत्र असतं. काम काही सेकंदांचं.

खेळासाठी म्हणून बनवलेलं प्रत्येक घड्याळ धक्के सोसतंच असंही नाही. भारतातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पोलोसाठी १९३१ मध्ये आलेलं रिव्हर्सो घड्याळ उलटं फिरवता यायचं. त्यात वाचायची ती काच. आतल्या यंत्राला धक्का तेवढाच बसायचा.